गाडी पेट्रोल खाते म्हणून विकू नका, आधी तिला रॅम्पवर चढवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कुटुंबाकडे मार्च २०११ ची मारुती एसएक्स-४ आहे. पेट्रोल, पहिलाच मालक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. शहरात साडेनऊचं ॲव्हरेज, हायवेला तेरा. वर्षाचं रनिंग नऊ हजारांच्या आसपास, त्यात रत्नागिरीजवळच्या गावी पाचेक खेपा. येत्या मार्चमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील, म्हणजे आरसी रिन्यू करावी लागेल. गॅरेजने ८५ हजारांचं एस्टिमेट दिलंय: क्लच, सस्पेन्शन, एसी कॉम्प्रेसर आणि चार टायर. शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये १ लाख ४० हजार द्यायला तयार आहेत आणि समोर दहा लाखांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. वडील म्हणतात ठेवा, पत्नी म्हणते विका. काय करावं?

गॅरेज चालवणारा माणूस म्हणून माझं मत आधीच सांगतो. ॲव्हरेज हे तुमच्यासाठी गाडी विकायचं कारण नाही. गाडी विकायची कारणं असू शकतात, कदाचित तुमच्या गाडीतही ती असतील, पण ती पेट्रोल पंपावर दिसत नाहीत. गाडी वर उचलून खालून बघितली की दिसतात. आणि तुमच्या पत्नीचं म्हणणं केवळ खर्चाचं नसावं असा माझा अंदाज आहे, त्यावर पुढे येतो.

पेट्रोलचा हिशेब एकदा मांडून टाकू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. पुणे-रत्नागिरी जाऊन-येऊन ६६० किलोमीटर धरले तर पाच खेपांचे ३,३०० होतात. उरलेले ५,७०० शहरातले. साडेनऊ आणि तेराच्या हिशेबाने वर्षाला साधारण ८५५ लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले तर ९० हजार. नवी गाडी शहरात तेरा आणि हायवेला अठरा देईल असं धरा. जाहिरातीतला आकडा धरू नका, तो प्रयोगशाळेत काढलेला असतो. तिला ६२० लिटर लागतील, म्हणजे ६५ हजार. वर्षाची बचत पंचवीस हजार, महिन्याची जेमतेम दोन हजार.

आता त्या दोन हजारांसाठी काय द्यावं लागतं ते बघा. तीन लाख डाऊन पेमेंट आणि सात लाख कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के धरले तर हप्ता साडेचौदा हजार. पाच वर्षांत नुसतं व्याज पावणेदोन लाखांच्या घरात, म्हणजे वर्षाला ३५ हजार. दहा लाखांची गाडी पाच वर्षांनी पाच लाखांना गेली तर वर्षाला एक लाख घसारा. इन्शुरन्स सरासरी २५ हजार, सर्व्हिसिंग बारा हजार. हे झाले वर्षाला १ लाख ७२ हजार. जुन्या गाडीचं काय? पुढच्या दोन वर्षांत वर्षाला सरासरी ५५ हजार दुरुस्ती धरा, हे ८५ हजारांचं एस्टिमेट त्यात आलं. इन्शुरन्स १३ हजार, किंमत कमी होण्याचे २० हजार. एकूण ८८ हजार. पेट्रोलची बचत वजा करूनही नवी गाडी तुम्हाला वर्षाला साठ हजारांनी महाग पडते. निव्वळ पेट्रोलच्या जोरावर ती परवडायची असेल तर वर्षाला तीस हजार किलोमीटरच्या आसपास रनिंग हवं. तुमचं नऊ हजार आहे. रोज पिंपरी-चाकण करणाऱ्या माणसाला मी याच गाडीबद्दल वेगळं उत्तर दिलं असतं.

या हिशेबात एक जागा अशी आहे जिथे बहुतेक लोक अडकतात. "गाडीची किंमत दीड लाख आणि दुरुस्तीला ८५ हजार, हा वेडेपणा आहे" असं तुम्हाला मेहुण्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतील. पण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघायचाच नसतो. दुसरी कुठलीही गाडी पुढची दोन वर्षं वापरायला जो खर्च येईल, त्याच्याशी तो ताडायचा. ८५ हजार म्हणजे नव्या गाडीचे सहा हप्तेही नाहीत.

आता ॲव्हरेजबद्दल. १५८६ सीसीचं इंजिन, बाराशे किलोच्या आसपास वजन, एसी चालू, आणि सिंहगड रोडसारख्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संध्याकाळ काढायची. अशा गाडीने शहरात साडेनऊ दिलं तर तो आजार नाही, तिचा स्वभाव आहे. आधी साडेअकरा देत होती आणि दोन वर्षांत साडेनऊवर आली असेल, तर मात्र कारण शोधायला हवं. म्हणून आधी नीट मोजा. मीटरवरच्या डिजिटल आकड्यावर जाऊ नका. एकाच पंपावर, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. सलग तीन टाक्यांचा आकडा काढलात तर तो विश्वासाचा.

थोडी घट इंधनामुळेही असणार. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. तुमच्या वयाच्या गाड्यांना ६ ते ७ टक्के फटका बसेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. म्हणजे दहा देणारी गाडी ९.३ वर येते. यावर इलाज नाही, पण पंधरा वर्षांच्या गाडीत इथेनॉलचा दुसरा त्रास जास्त महत्त्वाचा आहे. जुने रबरी फ्युएल होज, ओ-रिंग आणि सील त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते कडक होतात, चिरतात. गाडीजवळ उभं राहिल्यावर पेट्रोलचा वास आला तर ॲव्हरेज, एस्टिमेट सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी टाकीपासून इंजिनपर्यंतची पूर्ण लाइन तपासून घ्या. होज बदलायला फार पैसे लागत नाहीत. गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन एकत्र आलं तर काय होतं ते कुणी सांगायला नको.

खरोखर ॲव्हरेज खाणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा किरकोळ निघतात. पहिली म्हणजे ब्रेक धरून राहणं. वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवा, हळूच थांबवा आणि उतरून चारही चाकांजवळ, हात न लावता, उष्णता जाणवते का बघा. पुढच्या एखाद्या चाकाजवळ स्पष्ट जास्त धग लागली तर त्या कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्यात आणि पॅड डिस्कला घासत चाललाय. मागच्या चाकात असेल तर हँडब्रेकची केबल अडकलेली असते. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं एवढंच काम असतं, आणि गाडी ओढल्यासारखी चालत होती ती एकदम मोकळी होते.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे एक वाईट सवय आहे. गाडी एकदा गरम झाली की कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो आणि सांगतो, "साहेब, आता कधीच गरम होणार नाही." होत नाही, कारण ती कधी पुरेशी तापतच नाही. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर सतत जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. डिसेंबरच्या सकाळी हायवेला गाडी घाला. दहा-पंधरा किलोमीटरनंतरही टेंपरेचरचा काटा आपल्या नेहमीच्या जागी येत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. हा सुटा भाग स्वस्त आहे. बसवूनच घ्या.

तिसरी, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. एवढ्या किलोमीटरनंतर तो मंद होतो, पण पूर्ण मरत नाही, म्हणून डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर त्याला फक्त एरर कोड वाचू देऊ नका, लाँग टर्म फ्युएल ट्रिम दाखवायला सांगा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा. शून्याच्या आसपास, पाच-सहा टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. दहाच्या पुढे गेला असेल तर सेन्सर, हवेची गळती, फ्युएल प्रेशर यांपैकी काहीतरी आहे. हा आकडा न बघता "इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि क्लच, जो तुमच्या एस्टिमेटमध्ये आहेच. घसरणारा क्लच स्वतःच पेट्रोल खातो. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज झर्रकन चढला आणि गाडी मागे राहिली तर प्लेट संपली. अशी घसरत असेल तर ते काम टाळू नका, कारण आंबा घाटात भरलेल्या गाडीसह क्लच गेला तर टोइंगचा खर्च वेगळाच येईल.

हे करून शहरातलं ॲव्हरेज साडेनऊचं साडेदहा झालं तरी आनंद माना, त्याच्या पलीकडे अपेक्षा ठेवू नका. एक काम मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका. सायलेन्सरमधला, विषारी धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला की पिकअप वाढतो असं सांगणारे आहेत. पुण्यात एप्रिल २०१० पासून बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक लागू होतं, तुमची गाडी त्या नियमातली आहे आणि कन्व्हर्टर हा तिचा भाग आहे. तो काढणं बेकायदेशीर आहे, पीयूसीला गाडी नापास होऊ शकते, आणि जो धूर निघेल तो मागच्या रिक्षातलं पोर श्वासात घेणार आहे.

सीएनजी किट बसवू का, हे पुढचं तुम्ही विचारणारच. या गाडीला नको. चांगलं, मान्यताप्राप्त किट पन्नास-साठ हजारांच्या खाली होत नाही. तुमच्या रनिंगला ते वसूल व्हायला दोन वर्षांच्या वर लागतील, तेवढंच तर गाडीचं तुमच्याकडचं आयुष्य आहे. डिकी जाते, आरसीवर नोंद करावी लागते, इन्शुरन्सला कळवावं लागतं, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, आलीच.

आता मुख्य भाग. तुम्ही कोकणात जाता-येता, म्हणून मला तुमच्या इंजिनपेक्षा पत्र्याची जास्त काळजी आहे. इंजिन उघडता येतं, बांधता येतं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. वेळेवर ऑइल बदललं असेल तर १ लाख १८ हजार हे त्याचं म्हातारपण नाही. पण बॉडीचा सांगाडा सडला की ती गाडी संपली, तिला ठोकून-वेल्डिंग करून रस्त्यावर आणणं म्हणजे आतल्या माणसांचा जीव धोक्यात घालणं आहे. कारण आताच्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी.

कुठे बघायचं ते सांगतो. गाडी टू-पोस्ट रॅम्पवर घ्या आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली उभे राहा. दारांच्या खाली जो लांब पट्टा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जातो, तो सिल. त्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. कोकणातल्या लाल मातीने ती बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ उलटी धरून सिलवर थोड्या थोड्या अंतरावर ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो, आणि जिथे कुणीतरी पुट्टी भरून रंग मारलाय तिथे आवाजच मरतो. बद्द जागी टोकाने जरा दाबा. टोक आत गेलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. तसंच मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू बघा, आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर बॉडीला जिथे बसतो ती जागा. वर बॉनेट उघडून दोन्ही स्ट्रट टॉवर, म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर जिथे बोल्टने धरलेत ते गोल पत्रे. तिथे सांध्यातून गंजाच्या पापड्या निघत असतील तर ८५ हजार त्या गाडीत घालू नका, एक रुपयाही घालू नका.

आत बसून ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचला आणि खालचा फोम हाताने दाबा. ओला लागला तर पाणी कुठून तरी येतंय. एसीचा ड्रेन पाइप बुजलेला असेल तर ते सोपं, विंडशील्डच्या कडेतून झिरपत असेल तर अवघड. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. ही गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी राहिली होती का? जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात, २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर स्वच्छ करून चालवल्या गेल्या, पण त्यांच्या वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं त्रास देतं. आज हेडलाइट, उद्या फ्युएल पंप, परवा भर पावसात गाडीच बंद. तुमची गाडी पहिल्या मालकाकडचीच आहे, म्हणजे तुम्हाला खरं उत्तर माहीत आहे. हा जुन्या गाडीचा फार मोठा फायदा आहे आणि सेकंडहँड गाडी घेताना तो पैसे देऊनही मिळत नाही.

इंजिनसाठी एवढंच बघा. रात्रभर उभ्या, पूर्ण थंड गाडीचं कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडा. कूलंट हिरवं किंवा लाल, स्वच्छ असावं. तपकिरी, गढूळ असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी टाकत आलंय. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. मग दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगून तुम्ही मागे उभे राहा. पहिल्या क्षणी निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील, सतत निळा धूर आला तर पिस्टन रिंग. पुढून दोन-तीन सेकंद खडखड आली आणि थांबली तर चेन टेन्शनरकडे लक्ष द्यायला सांगा. गाडी आजवर एकदाही पूर्ण ओव्हरहीट होऊन बंद पडली नसेल आणि हजार किलोमीटरला ऑइल डिपस्टिकवर लक्षात येण्याइतकं उतरत नसेल, तर हे इंजिन तुमच्याशी आणखी काही वर्षं नीट वागेल.

पत्रा आणि इंजिन या दोन्ही कसोट्यांना गाडी उतरली, तर ८५ हजारांच्या एस्टिमेटकडे वळू. ते एकाच दिवशी करायची गरज नाही. क्लच घसरत असेल तर पहिला. त्याच्यासोबत रिलीज बेअरिंग बदलाच, गिअरबॉक्स एकदा उतरवला की पुन्हा उतरवायची मजुरी कशाला. सस्पेन्शनमध्ये लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड हे सुरक्षेचे भाग आहेत, ते बदला. शॉकॲब्सॉर्बर गळत नसतील तर थांबू शकतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर झाले असतील आणि बाजूच्या रबरावर बारीक चिरा असतील तर खाच कितीही शिल्लक असली तरी बदला. टायरचा खर्च या गाडीच्या नावावर मांडू नका, नव्या गाडीलाही ते लागणारच आहेत.

एसी कॉम्प्रेसरबद्दल मात्र दुसरं मत घ्या. एसी थंड करत नाही म्हणून थेट कॉम्प्रेसर बदला सांगणं सोपं असतं. बऱ्याचदा गॅस कुठून तरी गळत असतो, किंवा पुलीचं बेअरिंग अथवा मॅग्नेटिक क्लच गेलेला असतो, आणि तेवढंच बदलता येतं. आधी नायट्रोजन भरून लीक टेस्ट करायला लावा. कॉम्प्रेसर आतून खरंच फाटला असेल तर त्याचे धातूचे कण पूर्ण लाइनमध्ये जातात, मग फ्लशिंग, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांच्याशिवाय नवा कॉम्प्रेसर टिकत नाही. एस्टिमेटमध्ये हे तिन्ही नसतील तर ते एस्टिमेट अर्धवट आहे.

यादीत नसलेलं एक काम मी वाढवतो: ब्रेक फ्लुइड. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो, आणि घाट उतरताना सतत ब्रेक मारले की ते उकळून पेडल खाली जाऊ शकतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कधी बदललं ते तुम्हाला आठवत नसेल तर या आठवड्यात बदला.

सुट्या भागांचं चित्र असं आहे. ही गाडी २०१४ मध्ये बंद झाली. ब्रेक, फिल्टर, क्लच, सस्पेन्शन असं झिजणारं सामान अजून मिळतं. हेडलाइट, बंपर, दारांचे पत्रे, आतले प्लॅस्टिकचे भाग यांसाठी शोधाशोध करावी लागते आणि ती वाढतच जाणार. म्हणजे लहानसा अपघातसुद्धा या गाडीला आता महिनाभर गॅरेजमध्ये बसवू शकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात पंधरा वर्षांची खासगी गाडी भंगारात घालायची सक्ती नाही. दिल्ली-एनसीआरमधले आदेश तिथले आहेत. आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू होते, त्यासाठी फॉर्म २५, पाच हजार रुपये शुल्क, वर पर्यावरण कर. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो आणि गाडी आरटीओत पासिंगला दाखवावी लागते. त्याआधी जुनी चलानं भरा, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू ठेवा. आणि आरसीवर अजून बँकेचं नाव आहे का बघा. कर्ज २०१६ लाच फिटलेलं असतं आणि बोजा उतरवायचा राहिलेला असतो, मग ऐनवेळी बँकेची एनओसी शोधत फिरावं लागतं. इन्शुरन्समध्ये तुमची गाडी १५०० सीसीच्या वरची असल्यामुळे नुसतं थर्ड पार्टीच ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. हा दर २०२२ चा.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे. गाडी कोण चालवतं, कधी चालवतं आणि आत कोण बसतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं आहे. २०११ मध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) व्हेरियंटप्रमाणे मिळायचे. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली, क्रॅश टेस्टचे नियमही त्याच वर्षी सगळ्यांना लागू झाले. तुमच्या व्हेरियंटमध्ये या दोन गोष्टी नसतील, आणि वर्षातून पाच वेळा मुलांना घेऊन रात्रीचा घाट उतरत असाल, तर वर्षाला साठ हजार जास्त देऊन नवी किंवा तीन-चार वर्षं वापरलेली सुरक्षित गाडी घेणं मला पटतं. तो पैसा पेट्रोल वाचवायला दिलेला नाही, हे समजून द्या. तसंच घरात दुसरी गाडी नाही आणि आई-वडिलांना अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते, तर "सुरू होईल ना" ही शंका मनात ठेवून जगण्यात अर्थ नाही.

विकायचं ठरलं तर मार्चच्या आत विका, पंधरा वर्षं उलटली की भाव आणखी उतरतो. शोरूमच्या १ लाख ४० हजारांत एक्स्चेंज बोनस किती आणि गाडीची किंमत किती हे वेगवेगळं लिहून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला वापरता येतो. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी कुणाच्या हाती देऊ नका, ट्रान्सफर झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

एअरबॅग-एबीएस असतील, पत्रा शाबूत असेल आणि इंजिन कधी तापलेलं नसेल, तर मी ही गाडी दोन वर्षं ठेवेन. मात्र आजच एक रेघ आखून ठेवा: टायर-बॅटरी-सर्व्हिसिंग सोडून बारा महिन्यांत पन्नास हजारांच्या वर पुन्हा खर्च आला, किंवा गाडीने दोनदा रस्त्यात सोडलं, तर वाद न घालता विकायची. आणि नव्या गाडीचा जो साडेचौदा हजारांचा हप्ता तुम्ही भरायला तयारच होता, त्यातले दहा हजार दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका. दोन वर्षांत अडीच लाख जमतात, तेवढं कर्ज कमी.

रॅम्पवर घेतलीत की तीन फोटो काढून पाठवा: दोन्ही सिलची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानीची आतली बाजू आणि थंड इंजिनवर उघडलेली कूलंटची बाटली. सोबत व्हेरियंट आणि फ्युएल ट्रिमचा आकडा कळवा. त्यावरून ८५ हजारांतलं काय आत्ता करायचं आणि काय पावसाळ्यापर्यंत थांबू शकतं ते नेमकं सांगता येईल.